बुशक्राफ्ट शिकवायचंय? मग कुठला कागद हातात असावा

पुण्यात राहून रानात राहण्याची कला दुसऱ्यांना शिकवायची आणि त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र मिळवायचं, असं मनात असेल तर आज दोन रस्ते समोर दिसतात. एक परदेशी वळणाचा बुशक्राफ्ट इन्स्ट्रक्टर कोर्स. थोडे दिवस प्रत्यक्ष शिक्षण, मग वर्ष-दीड वर्ष लॉगबुक भरायचं आणि शेवटी परीक्षा. दुसरी आपल्याकडची गिर्यारोहणाची जुनी शिडी: बेसिक, अॅडव्हान्स आणि मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे एमओआय. उत्तरकाशीचं निम, दार्जिलिंगचं एचएमआय आणि मनाली इथल्या गिर्यारोहण संस्था ही त्याची ठिकाणं. मी दोन्हींवर पाय ठेवलाय. चाकू कुठला, निवाऱ्याची ताडपत्री, म्हणजे टार्प, केवढा, हे तुम्ही आधीच वाचून झालेलं असणार, ते सोडून देतो.

आधी परदेशी कोर्सचं चांगलं सांगतो, कारण पुढे मी त्याच्याबद्दल कुरकुर करणार आहे. अभ्यासक्रम म्हणून तोच खरा बुशक्राफ्टचा. चाकू चालवताना तो मांड्यांच्या मधल्या त्रिकोणात कधीच आणायचा नाही, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसायचं, हे त्यांनी इतकं घोटून घेतलं की आता घरी नारळ सोलतानाही मी तसाच बसतो. बायको हसते. गाठी, पाणी, निवारा, दिशा, सगळं नीट लावून शिकवतात. हिमालयातल्या शिडीवर यातलं फारसं काही नाही. तिथे दोर, कडे, बर्फ.

मग अडलं कुठे? विस्तवावर.

त्या लॉगबुकात ठरावीक संख्येने विस्तव पेटवल्याच्या नोंदी लागतात, फोटोंसकट. त्यातले काही भर पावसातले, काही लाकडावर लाकूड घासून. आता आपल्याकडे बघा. राखीव जंगलात विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे आणि भीमाशंकर तर अभयारण्यच. फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. तेव्हा परवानगी असली तरी शहाण्या माणसाने काडी ओढू नये. जून ते सप्टेंबर पाऊस. उरले ऑक्टोबर ते जानेवारी, तेही कुणाच्या मालकीच्या जागेत. मी दर नोंदीसाठी कोथरूडहून मुळशीला मित्राच्या शेतावर जायचो. म्हणजे ‘रानात’ राहण्याच्या प्रमाणपत्रासाठी मी भाताच्या खाचराशेजारी बसून धूर काढत होतो.

त्यात ते पुस्तकी लाकूड. बर्चची साल म्हणे. आपल्याकडे भूर्ज शोधायला हिमालयातच जावं लागेल. बरेच शनिवार वाया घालवल्यावर घायपाताचा वाळका दांडा हाती लागला आणि तो बरा चालला. तो तर बांधाबांधावर उभा असतो. पण हे मला लॉगबुकाने नाही सांगितलं.

जुलैतल्या नोंदीबद्दल परीक्षकांनी लिहून कळवलं, उभं वाळलेलं झाड शोधा, आतलं लाकूड कोरडं मिळेल. त्यांच्याकडे मिळत असेल. मुळशीच्या जुलैत उभं वाळलेलं झाडही आतपर्यंत पाणी प्यायलेलं असतं, आणि उरलेलं वाळवीने खाल्लेलं. शेताची राखण करणारे मामा माझी धडपड पडवीतून बघत होते. शेवटी म्हणाले, “आवं दादा, पावसात लाकूड हुडकाया जायाचं कशाला? वैशाखातच माळ्यावर चढवून ठिवायचं.” आणि माळ्यावरून कोरडी ढलपी काढून दिली. तो विस्तव माझ्या नोंदीत धरला गेला नाही, कारण लाकूड ‘जागेवर गोळा केलेलं’ नव्हतं. आपल्या मातीतलं खरं कौशल्य त्या एका वाक्यात होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

शिडीचीही दुखणी आहेत, ती लपवत नाही. बेसिक साधारण चार आठवड्यांचा आणि सलग. नोकरी करणाऱ्याने एवढी रजा कुणाकडे मागायची? त्यात अॅडव्हान्सला जायचं तर बेसिकमध्ये ए ग्रेड हवीच, आणि एमओआयसाठी पुन्हा अॅडव्हान्समध्ये ए. मला पहिल्यांदा बी मिळाली. पाठीवर सॅक घेऊन चढताना मी मागे पडायचो, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. अख्खा कोर्स पुन्हा केला. तिशी ओलांडलेल्यांनी आधी सहा महिने सिंहगड ओझ्यासकट चढून बघावा, मग अर्ज करावा.

पण माणसं सांभाळायला मी तिथेच शिकलो. दोरावर सगळ्यांत शेवटी कोण, दमलेल्याला कधी थांबवायचं, घाबरलेल्याशी काय बोलायचं. आणि एमओआय तर शिकवायचं कसं याचाच कोर्स. शिवाय २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणापासून हा व्यवसाय म्हणून करायचा तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. शाळेत शिबिराचं बोलायला गेलो की मुख्याध्यापिका बाई ‘बेसिक-अॅडव्हान्स झालंय ना?’ एवढंच विचारतात. परदेशी प्रमाणपत्र त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि परत दिलं.

दोन्हींत एक गोष्ट नीट मिळत नाही, ती म्हणजे दवाखान्यापासून दूर असताना करायचे उपचार. त्याचा आठ-दहा दिवसांचा डब्ल्यूएफआर, म्हणजे वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, कोर्स वेगळा करा. साप, उंचावरून पडणं, ऊन, आणि बिब्ब्याचं तेल अंगाला लागून आलेले फोड, हे सगळं माझ्या शिबिरांत होऊन गेलंय. साप सुदैवाने फक्त दिसला.

स्वतःची जमीन असेल, वेळ असेल आणि हाताने वस्तू घडवण्याची ओढ असेल, तर परदेशी कोर्स करा, मजा येईल. माझ्यासारखं फ्लॅटमध्ये राहून शनिवार-रविवार मुलांना घेऊन बाहेर पडणार असाल, तर मी तरी शिडीकडे बोट दाखवीन. रानातलं उरलेलं शिक्षण अशा एखाद्या मामांकडे. कंद कुठला किती पाण्यांतून उकळायचा आणि कळलावीला हात का लावायचा नाही, ते त्यांना विचारा. त्यांचा वेळ घेतला तर मजुरी द्या, नुसता चहा पाजून येऊ नका.

माझ्या लॉगबुकात अजून अकरा विस्तव बाकी आहेत. मित्राने शेत विकायला काढलंय.