पोलो जीटी टीएसआयसाठी कस्टम कॅट-बॅक एक्झॉस्ट

कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट. 1.2 टीएसआय इंजिनला सव्वादोन इंची पाइप, मधे रेझोनेटर (ठरावीक घुमारा दाबणारा डबा) आणि मागे स्ट्रेट-थ्रू मफलर (धूर सरळ आरपार जाणारा सायलेन्सर), रोजच्या वापराला हाच सेटअप घ्यावा. अडीच इंचीने आवाज जड होतो, पण कंपनीच्या ट्यूनवर (इंजिनच्या मूळ सॉफ्टवेअर सेटिंगवर) ताकदीत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

रेझोनेटर गाळून पैसे वाचवू नका. 2,400 आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला 80 ठोके देतं. नेमका तोच घुमारा केबिनमध्ये भरतो आणि एक्सप्रेसवेवर डोकं उठतं.

खरा कस वेल्डिंगमध्ये लागतो. 304 स्टेनलेस, दीड मिलिमीटर जाडी, मॅन्ड्रेल बेंड (पाइप न चेपता दिलेला बाक) आणि टिग वेल्डच (आर्गॉन वायूच्या आवरणात केलेलं वेल्डिंग) मागा. वेल्ड करताना पाइपच्या आत आर्गॉन सोडला नाही, तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळा, खडबडीत थर धरतो आणि पुढे तिथूनच तडा जातो. फिटिंगआधी पाइपमध्ये बॅटरी मारून बघाच! हँगरचे रबर नवे टाका, टिप आणि बंपरमध्ये बोटभर फट ठेवा; तापला की पाइप लांबतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र हात लावू देऊ नका. चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसी अडकते. आवाज मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दंड होतो.