जेम आणि महाटेंडर्स: समोरच्याचा रेट बघायचा असेल तर

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. मॅनहोलची बिडाची झाकणं ओततो. शॉप भाऊजी बघतात, टेंडर भरायचं काम माझ्याकडे. दोन वर्षं आम्ही एकाच पार्टीकडून हरत होतो आणि भाऊजींचा प्रश्न ठरलेला, "वहिनी, त्याला हा रेट परवडतो कसा?"

म्हणून सरकारी खरेदीची उघडी माहिती चाळायला बसले. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडर पोर्टलवर लॉगिन न करताही निकाल बघता येतात. कोणी भरलं, तांत्रिक लिफाफ्यात कोण बाद झालं, काम कोणाला आणि कितीला गेलं. जेम या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर झालेले करार दिसतात. एक पैसा लागत नाही, फक्त सारखा कॅप्चा भरायचा. मी खात्यानुसार शोधत गेले आणि आठ दिवसांत त्या पार्टीची २३ कामं वहीत उतरवली.

वही बघून भाऊजी म्हणाले, "आपण १५ टक्के खाली येऊया." मीही हो म्हणणार होते. पण आधी प्रत्येक कामाचं स्पेसिफिकेशन उघडलं, आणि तिथेच सगळं कळलं. त्याची स्वस्त झाकणं बहुतेक एमडी-१० होती, आयएस १७२६ या भारतीय मानकाप्रमाणे १० टन भार पेलणारी. आम्ही तुलना करत होतो आमच्या एचडी-२० शी, म्हणजे २० टन पेलणाऱ्या झाकणाशी. झाकणाचं वजनच वेगळं! आपला धंदा किलोवर चालतो आणि निकालात रेट असतो नगावर. त्यात जेमचा भाव जीएसटी आणि पोहोच धरून, तर टेंडरच्या बीओक्यूत, म्हणजे रेट भरायच्या तक्त्यात, जीएसटी कधी आत, कधी बाहेर. १८ टक्के म्हणजे थोडेथोडके नव्हेत. सगळं जीएसटी वगळून किलोवर आणलं तेव्हा तो आमच्यापेक्षा जेमतेम दोन रुपयांनी खाली निघाला. सेटिंग असेल असं आम्ही घरात बोलायचो, ते चूक होतं.

निकाल सगळीकडे चढवलेले नसतात. एका नगरपालिकेचा मिळालाच नाही, शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाकला. आणि सर्वात महत्त्वाचं, बिल किती महिन्यांनी निघालं हे निकालात कुठेच दिसत नाही. ते तिथे माल दिलेल्यांनाच फोन करून विचारा, नाहीतर काम मिळूनही भांडवल अडकेल.

माझा खरा फायदा मात्र रेटमधून झाला नाही. २३ कामांत कोकणातलं एकही नव्हतं. तिकडच्या टेंडरला दोन-तीनच जण भरतात, घाट उतरायच्या भाड्याला सगळे भितात. आम्ही भाडं नीट धरून, रेट न पाडता रत्नागिरी जिल्ह्यात भरलं.

६० नगांची ऑर्डर आली. सोमवारी गाडी आंबा घाट उतरली.