रेनीराचे पुढचे नाते: अ‍ॅलिसेंट की डेमन?

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या राजगादीच्या भांडणावरच्या मालिकेचा दुसरा हंगाम २०२४ च्या ऑगस्टमध्ये संपला, तेव्हा गादीवर हक्क सांगणाऱ्या रेनीराची दोन नाती, बालमैत्रीण अ‍ॅलिसेंटशी आणि नवरा डेमनशी, अर्ध्यावर सोडलेली होती, आणि दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात, पारावर मोबाइल पाहणाऱ्या मुलांमध्ये, त्यावरून सरळ दोन तट पडले आहेत.

अ‍ॅलिसेंटची बाजू घेणाऱ्यांचा आधार शेवटच्या भागातील भेट हा आहे. ती गुपचूप रेनीराच्या ड्रॅगनस्टोन बेटावर येऊन राजधानीची दारे उघडी ठेवण्याचे वचन देते, आणि रेनीराने मोबदल्यात अ‍ॅलिसेंटचा मुलगा आणि प्रतिस्पर्धी राजा एगॉन याचा जीव मागितल्यावर तेही मान्य करते. बालपणीची मैत्री तिथे खरोखर जागी होते, हे नाकारता येणार नाही. परंतु एगॉन दरबारी लॅरिसबरोबर आधीच निसटलेला असल्यामुळे तिला शब्द पाळणे कठीण जाईल, आणि न पाळलेला शब्द रेनीरा फसवणूकच समजेल. धुऱ्याच्या वादात दोन जावांनी परस्पर समेट करावा आणि पोरांनी तो मोडावा, त्यातलाच हा करार आहे.

डेमन मात्र हॅरेनहालच्या किल्ल्यात झालेल्या दृष्टांतानंतर जमलेल्या सैन्यादेखत रेनीरापुढे गुडघे टेकतो. त्याच्या नम्रतेवर माझा पुरता विश्वास नाही (त्याचा स्वभाव पाहता कोणाचा असेल?), तरीही तिला त्याच्या कॅरॅक्सिस या ड्रॅगनची आणि रिव्हरलँड्स प्रांताच्या फौजेची गरज आहे, म्हणून युद्ध चालू असेपर्यंत हे नाते टिकेल असे वाटते. अ‍ॅलिसेंटची भेट पुन्हा होईलही, पण ती विजेती आणि बंदिनी यांची असेल, असा माझा कयास आहे.