दुबईत की माहेरी? बाळाच्या जन्मनोंदणीच्या आणि पहिल्या पासपोर्टच्या बाजूने पाहिलं तर

दुबई, शारजा, अबुधाबीतल्या मराठी घरात गोड बातमी कळली की पाठोपाठ हा प्रश्न येतोच: बाळंतपण इथे करायचं की माहेरी जायचं? आईचा आग्रह असतो की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं. नवऱ्याला वाटतं बाळ जन्मताना आपण जवळ असावं. मग डॉक्टर कोण, खर्च किती, सव्वा महिना आराम कुठे मिळेल, यावर घरात भरपूर बोलणं होतं. कागदांचा विषय मात्र बाळ झाल्यावरच निघतो, आणि तोवर घड्याळ सुरू झालेलं असतं. म्हणून इथे दोन्ही पर्याय त्याच एका बाजूने शेजारी शेजारी ठेवते आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अमिरातीत जन्म झाला म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. आईवडील भारतीय असतील तर बाळाचा पासपोर्ट भारतीयच, जन्म जुमेराच्या हॉस्पिटलात होवो की सांगलीच्या. दोन्हीकडे तो पाच वर्षांचाच मिळतो आणि पुढे कुठूनही नूतनीकरण करता येतो. उद्या मूल बारावी करून भारतात इंजिनीअरिंगला जाईल तेव्हा आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी सीआयडब्ल्यूजी योजनेखाली ज्या जागा असतात, त्यालाही जन्म कुठे झाला याने फरक पडत नाही. त्यामुळे 'इकडे जन्म झाला तर पुढे फायदा' किंवा 'तिकडे झाला तर पुढे अडचण' असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

कायद्याच्या नजरेत एक फरक आहे आणि तो माहीत असलेला बरा. भारतात जन्मलेलं बाळ नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 3 प्रमाणे जन्मानेच भारतीय ठरतं, वेगळं काही करावं लागत नाही. परदेशात जन्मलेलं बाळ कलम 4 मध्ये येतं, म्हणजे वंशाने भारतीय. 3 डिसेंबर 2004 पासून यासाठी अट अशी की जन्माची नोंद भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत झाली पाहिजे आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून दिलं पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अमिरातीत राहायचं असेल तर पासपोर्ट आणि व्हिसासाठी हे काम आपोआप पहिल्या महिन्यांतच होतं, म्हणून याची धास्ती घ्यायची गरज नाही. फक्त नोंदणीचा कागद जपून ठेवायचा, कारण पुढे नागरिकत्वाचा पुरावा मागितला गेला तर तोच दाखवायचा असतो.

दुबईत झालं तर

इथल्या सगळ्या साखळीचं पहिलं टोक म्हणजे तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र. हॉस्पिटलात फाइल उघडताना ते मागतात आणि ते अटेस्ट केलेलं, म्हणजे खरेपणाचे सरकारी शिक्के घेतलेलं लागतं. अनेक देशांत एकाच शिक्क्यावर काम भागवणारं अपोस्टिल अमिरातीला चालत नाही. महाराष्ट्रातला कागद आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या दूतावासाकडून किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाकडून आणि शेवटी इथल्या मोफाकडून (अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून) शिक्का घेत येतो. नवऱ्याने फॅमिली व्हिसावर आणलं असेल तर हे तेव्हाच झालेलं असतं. अडतात त्या स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुली. त्यांना लग्नाचं प्रमाणपत्र दाखवायची वेळच आलेली नसते, आणि ते पुण्याच्या कपाटात तसंच पडलेलं असतं. तुम्ही त्यांतल्या असाल तर तिसऱ्या महिन्यातच ते काम लावून द्या.

बाळ झालं की हॉस्पिटल जन्माची सूचना देतं आणि जन्म 30 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. इथे आपल्या रीतीची थोडी घाई होते. बाराव्या दिवशी बारसं, मग आत्या कानात नाव सांगणार, हे सगळं हौसेने करा, पण प्रमाणपत्रासाठी नाव ठरलेलं हवं. घरच्या ग्रुपवर नावांची चर्चा महिनाभर चालू ठेवणं परवडत नाही.

जन्मदाखला हाती आला की भारतीय दूतावासाच्या केंद्रात जन्मनोंदणी आणि पासपोर्टचा अर्ज. मग पासपोर्ट आला की रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र. ही सगळी मजल जन्मापासून 120 दिवसांत गाठायची असते, नाहीतर रोजचा दंड सुरू होतो आणि तो भरल्याशिवाय बाळाला घेऊन देशाबाहेर जाता येत नाही. 15 जूनला बाळ झालं तर 15 जुलैपर्यंत नोंद आणि 13 ऑक्टोबरपर्यंत व्हिसा, असं कॅलेंडरवर लिहून टाका. चार महिने भरपूर वाटतात, पण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अडलेला असतो. एक मोठी सोय मात्र आहे: अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, व्हिसाची कामं करणारं आमेर सेंटर, दूतावासाचं केंद्र, सगळं एकाच शहरात असतं आणि वडील तिथेच असतात. बाळाची वैद्यकीय तपासणीही नसते, ती मोठ्यांनाच असते. विमाही विसरू नका. दुबईत पहिले 30 दिवस बाळ आईच्या विम्यात धरलं जातं, त्यानंतर त्याचा स्वतःचा हवा.

माहेरी झालं तर

पहिला टप्पा इथे खरंच हलका आहे. जन्माची माहिती हॉस्पिटलच महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला 21 दिवसांच्या आत कळवतं. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद होते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बारसं निवांत करा. पासपोर्टसाठी मात्र नाव घातलेलाच दाखला लागतो. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे दुसरा कागद शोधत बसू नका. फी साधी आहे: 36 पानांच्या पासपोर्टला 1000 रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सूट. आईवडिलांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं असतील तर पोलीस पडताळणीही बहुधा लागत नाही.

यातली अडचण वेगळी आहे. अर्जावर दोन्ही पालकांची संमती लागते. वडील दुबईत असतील तर त्यांना ती तिथल्या दूतावासातून साक्षांकित करून पाठवावी लागते. बारशाला वडील येणारच असतील तर नाव आधी ठरवून ठेवा आणि त्याच सुट्टीत पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, ही माझी प्रत्येकाला पहिली सूचना असते.

त्यानंतरचा टप्पा जड आहे. बाळाचा भारतीय जन्मदाखला आता लग्नाच्या प्रमाणपत्रासारखाच सगळ्या शिक्क्यांच्या रांगेतून जातो. मग वडील दुबईतून बाळाचा एंट्री परमिट काढतात, त्यासाठी त्यांचा पगार किमान 4000 दिरहम, किंवा 3000 आणि राहायची जागा, असा असावा लागतो. आणि या सगळ्याच्या मागे एक घड्याळ आईचं चालू असतं: सलग सहा महिने अमिरातीबाहेर राहिलं तर रेसिडेन्स व्हिसा बाद होतो. दीर्घ मुदतीच्या गोल्डन व्हिसाला ही अट नाही, पण तो थोड्यांकडेच असतो.

हे घड्याळ आकड्यांत पाहू. बाळंतपणाची तारीख 15 जूनची धरा. बहुतेक विमान कंपन्या 28 व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 व्या आठवड्यानंतर नेत नाहीत. सुरक्षित म्हणून तुम्ही 28 व्या आठवड्यात, 23 मार्चला निघालात. 180 दिवस भरतात 19 सप्टेंबरला. सव्वा महिना होतो जुलैच्या शेवटी. म्हणजे दाखला, पासपोर्ट, शिक्के, परमिट आणि तिकीट यांना उरले साधारण आठ आठवडे. यात गणपतीही येऊ शकतात, आणि ऑफिसं बंद असण्याचे दिवसही. हेच तुम्ही डॉक्टरांना विचारून 32 व्या आठवड्यात, 20 एप्रिलला निघालात, तर मुदत 17 ऑक्टोबरपर्यंत जाते. चार आठवडे जास्त मिळाले, तेही बाळ झाल्यानंतरच्या बाजूला, जिथे त्यांची खरी गरज असते. सातव्यात डोहाळजेवण करून लगेच निघायची घाई करू नका, डोहाळजेवण दुबईतही छान होतं.

दोन्हीकडे सारखंच जिथे घोळ होतो

नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, पण पासपोर्टवर अजून माहेरचंच असतं. हॉस्पिटल एमिरेट्स आयडीवरून नाव घेतं, म्हणजे बाळाच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव येतं, आणि लग्नाच्या प्रमाणपत्रावर सासरचं. दीपाली एका कागदावर दोन 'ई' लावून, दुसऱ्यावर एक 'आय' लावून, हे तर घरोघरी. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आईवडिलांचे दोन्ही पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि एमिरेट्स आयडी टेबलावर ओळीने मांडा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. पासपोर्ट बदलायचा असेल तर आताच बदला, कारण बाळाच्या प्रत्येक कागदावर हीच स्पेलिंग उतरणार आहेत. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. पुढे महाराष्ट्रात शाळेत घालायचा विचार असेल तर पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात काय भरायचं ते हा क्रम डोळ्यांसमोर ठेवून ठरवा.

फोटो. पाळण्यातल्या बाळाचा पासपोर्ट फोटो म्हणजे दोघांचं काम. पांढरी स्वच्छ चादर पसरून बाळाला उताणं ठेवा, वरून फोटो घ्या, डोळे उघडे हवेत आणि आईचा हात चौकटीत येता कामा नये. काजळ आणि गालावरची तीट आधी पुसा, आजी कितीही नाराज झाली तरी. दूध पिऊन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाळ शांत आणि जागं असतं, तीच वेळ धरा. अंगठ्याचा ठसा मात्र झोपेत घ्यावा, तेव्हा मूठ सैल असते.

मग मी काय निवडेन

आई दुबईत नोकरी करत असेल तर दुबईच, यात मला शंका नाही. खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा 60 दिवसांची आहे, 45 पूर्ण पगारी आणि 15 अर्ध्या पगारी. एवढ्यात माहेरी जाणं, बाळंतपण, बाळाचा पासपोर्ट आणि परमिट बसतच नाही, आणि बाळाला आजीकडे ठेवून एकटीने परत यायची वेळ येते. ती कुणावर येऊ नये. माहेर म्हणजे शेवटी आई, आणि तीन तासांच्या विमानाने आई इथे येऊ शकते. तिचा 60 दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढा, बाळंतिणीचे लाडू ती घेऊन येईलच.

आई घरी असेल, पहिलंच बाळ असेल, नवरा दिवसभर साइटवर, आणि तिच्या आईला इथे येणं शक्य नसेल, तर माहेरी जा. एकटीने बाळंतपण काढण्यापेक्षा जास्त कागद परवडले. फक्त 32 व्या आठवड्याच्या आसपास निघा आणि निघण्याआधी नवऱ्याने पगाराचा दाखला, भाडेकरार आणि स्पॉन्सरशिपचे कागद तयार ठेवावेत.

विमा बाळंतपणाला पुरेसा नसेल तरी माहेर. आणि दोघं मिळून वर्षा-दोन वर्षांत कायमचे परतणार असाल, तरी माझा कल माहेरकडेच आहे, कारण महापालिकेचा दाखला पुढे शाळेपासून सगळीकडे विनाप्रश्न चालतो. दुबईत जन्म झाला आणि दूतावासातली नोंद काही कारणाने राहूनच गेली, तर एक वाट आहे: कायमचं राहायला म्हणून परत आल्यास बाळ भारतात पोहोचल्यापासून 60 दिवसांच्या आत स्थानिक जन्म-मृत्यू निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो. अमिरातीचा अटेस्ट केलेला जन्मदाखला त्यासाठी सोबत आणा.