हार्ट चेकअप पॅकेज : आमवात आणि ल्युपसच्या रुग्णांच्या नजरेतून

बहुतेक हार्ट चेकअप पॅकेजमध्ये ठरलेल्याच तपासण्या असतात. लिपिड प्रोफाइल, साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी), ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल टेस्ट आणि शेवटी डॉक्टरांची धावती भेट. मोठं पॅकेज घेतलं तर कॅल्शियम स्कोअरही (हृदयाच्या धमन्यांत साठलेला चुना मोजणारा स्कॅन). पन्नाशीतल्या, रक्तदाब आणि सिगारेट असलेल्या माणसाला हे पुरतं. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस यांसारख्या ऑटोइम्यून आजाराच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा आजार) रुग्णासाठी मात्र पाचपैकी अडीच स्टार, तेही तपासण्या नीट वेळ साधून केल्या तरच. पॅकेज चरबी मोजतं आणि अरुंद झालेली रक्तवाहिनी शोधतं. या रुग्णांमध्ये मोठी भानगड करतात त्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांची दखल यात जवळजवळ कुठेच नाही.

आमवातात सीडी४ टी-पेशी या पांढऱ्या पेशींपैकी काही आपल्या पृष्ठभागावरचा सीडी२८ हा रेणू गमावून बसतात आणि सहजासहजी मरत नाहीत. नेमक्या अशाच पेशी अनस्टेबल अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उठणारं छातीत दुखणं) रुग्णांच्या रक्तातही वाढलेल्या आढळल्या आहेत. त्या इंटरफेरॉन-गॅमा हे सूज भडकवणारं रसायन भरपूर सोडतात. त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या चरबीच्या थरात बसलेले मॅक्रोफेज (त्याही पांढऱ्या पेशीच) चवताळतात आणि कोलॅजन कापणारी एन्झाइम्स सोडू लागतात. दुसरीकडे नवं कोलॅजन बनवणाऱ्या स्नायूपेशींचं काम मंदावतं. थरावरचं आवरण पातळ होत जातं, एक दिवस फाटतं आणि तिथे गुठळी धरते. अशा थराने वाहिनी अर्धीही अडवलेली नसू शकते. ल्युपसमध्ये यात न्यूट्रोफिल या आणखी एका पांढऱ्या पेशीची भर पडते. या पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्याने वाहिनीचं अस्तर दुखावतं आणि गुठळीला आयता आधार मिळतो.

आता हे डोक्यात ठेवून रिपोर्ट वाचायचा.

लिपिड प्रोफाइल सर्वात फसवं. सांधे सुजलेले असताना, सीआरपी चढलेलं असताना एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) खाली येतं. म्हणजे धोका जास्त असतानाच रिपोर्ट छान दिसतो. उपचार लागू पडले, विशेषतः टोसिलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब हे आमवाताचं औषध सुरू झालं, की एलडीएल वर जातं आणि रुग्ण औषधाला दोष देतो. म्हणून ही तपासणी आजार स्थिर असताना करावी. फ्लेअरमध्ये (आजार उफाळलेला असताना) केलेला रिपोर्ट धरून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, नाकारू नये. टोसिलिझुमॅब सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी लिपिड पुन्हा बघायचं असतं. रिपोर्टमध्ये नॉन-एचडीएल (‘चांगलं’ एचडीएल सोडून उरलेलं कोलेस्टेरॉल) छापलेलं नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, झालं.

हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपीवर या रुग्णांनी पैसे घालवू नयेत. १ च्या खाली कमी धोका, ३ च्या वर जास्त, हे मिलिग्रॅम प्रति लिटरचे आकडे ज्यांना दुसरी कुठलीही सूज नाही त्यांच्यासाठी आहेत. आमवातात तो आकडा सांध्यांमुळे चढतो. ल्युपसमध्ये आजार जोरात असूनही तो बरेचदा फारसा वाढत नाही. आणि टोसिलिझुमॅब चालू असेल तर यकृताला सीआरपी बनवायला लावणारा इंटरल्युकिन-६ चा संदेशच अडवलेला असतो; मग आकडा जवळपास शून्य येतो आणि त्यावरून हृदयाबद्दल काहीच कळत नाही.

ट्रेडमिल टेस्टमध्ये सर्वात मोठा घोळ होतो. चाचणी ग्राह्य धरायला नाडी साधारणपणे २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत जावी लागते. ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी म्हणजे सुमारे १४९. गुडघा किंवा घोटा दुखला म्हणून नाडी १२० वर असतानाच चालणं थांबवलं आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहून आलं, तर ते चूक आहे. तिथे ‘अनिर्णायक’ असं लिहायला हवं. सांध्यांमुळे चालता येत नसेल तर डोब्युटामिन स्ट्रेस इको (चालण्याऐवजी औषधाने नाडी वाढवून केलेली इको) विचारा. शिवाय ही चाचणी पूर्ण झाली तरी ती रक्ताचा प्रवाह अडवणारा मोठा अडथळा पकडते. वर सांगितलेला पातळ आवरणाचा थर तिला दिसत नाही.

कॅल्शियम स्कोअर ठीक, पण शून्य आला म्हणून निश्चिंत होऊ नका. स्कॅन फक्त चुना साठलेला थर मोजतो. मऊ थर त्यातून निसटतो, आणि तरुण रुग्णांत तोच आधी असतो. मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी इथे जास्त उपयोगी वाटते, थर आहे की नाही ते किरणोत्साराशिवाय कळतं.

टूडी इकोला पूर्ण गुण. मात्र फॉर्मवर आजाराचं नाव लिहा. मग तपासणारा हृदयाभोवतीचं पाणी, झडपांवरचे ल्युपसचे उंचवटे आणि फुप्फुसाच्या धमनीतला दाब मुद्दाम बघतो. नाव न लिहिता गेलात तर ‘नॉर्मल स्टडी’ हे दोन शब्द हातात पडतात.

साखरेबद्दल एक बारीक गोष्ट. सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर चांगली आणि दुपारची चढलेली असते, म्हणून जेवणानंतरची दुपारची साखर मागून घ्या. लाल पेशी लवकर फुटत असतील (ल्युपसमध्ये होतं, डॅप्सोन या औषधानेही होतं) तर एचबीए१सी खोटं कमी येतं. पॅकेजमध्ये ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारी रक्तचाचणी) असेल आणि स्नायूंचा दाह असेल तर ट्रोपोनिन टी ऐवजी ट्रोपोनिन आय करायला सांगा. टी हा सुजलेल्या स्नायूंमुळेही वाढू शकतो.

छापील ‘१० वर्षांतला धोका’ हा आकडा बहुधा साध्या कॅल्क्युलेटरचा असतो, त्याने आमवात विचारलेलाच नसतो. युरोपच्या युलर संस्थेची शिफारस सरळ आहे : आमवात असेल तर आकड्याला १.५ ने गुणा. रिपोर्टवर ६ टक्के असतील तर ते ९ धरा. २०१७ चा क्यूरिस्क३ हा कॅल्क्युलेटर आमवात, ल्युपस आणि स्टेरॉइड तिन्ही विचारतो, पण तो ब्रिटनच्या लोकसंख्येवर बेतलेला आहे.

पॅकेजमध्ये नसलेल्या आणि वेगळ्या मागायच्या तपासण्या : लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा, आनुवंशिक कण), आणि ल्युपस असेल तर अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीच्या (गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या) तिन्ही चाचण्या. या तिन्हींतली एखादी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. संसर्गानंतर ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. हेपॅरिन किंवा वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी औषधं) चालू असताना यातल्या ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा निकाल गोंधळतो, तेव्हा लॅबला आधी सांगा.

शेवटच्या भेटीला औषधांची पूर्ण यादी घेऊन जा, रोजच्या पेनकिलरसकट. सूज कमी केली की हृदय वाचतं, इतकं हे सोपं नाही. २०१७ च्या कँटोस या औषध-चाचणीत सूज वाढवणारा इंटरल्युकिन-१ बीटा अडवल्यावर हार्ट अटॅक कमी झाले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. आमवातात नेहमी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या कमी डोसने सर्ट या दुसऱ्या औषध-चाचणीत हृदयाला फायदा दिसला नाही. त्या रुग्णांना आमवात नव्हता, म्हणून आपलं मेथोट्रेक्सेट यावरून बंद करायचं कारण नाही. वय ५० च्या पुढे असेल, सिगारेट किंवा रक्तदाब असेल आणि टोफासिटिनिब चालू असेल, तर ते बदलायचं का, हा प्रश्न पॅकेजच्या फिजिशियनला नाही, आपल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला विचारा.