पाऱ्याचा दिवा आणि जळगावची लाईट: वर्षभर फ्रेट केल्यानंतर

वर्षभर वापरलेल्या आमच्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपचा हा रिव्ह्यू. (ठराविक रंगाचा उजेड टाकून पेशीतले चमकणारे रेणू दाखवतो तो.) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळची भिंगं, उत्तम, कॅमेरा ठीक. बोलायचंय ते दिव्याबद्दल.

आमचं काम फ्रेटचं, म्हणजे एका चमकणाऱ्या रेणूची ऊर्जा शेजारच्याकडे जाते का ते बघून दोघं जवळ आहेत का ओळखायचं. जिवंत पेशीत एका प्रथिनाला सीएफपी (निळसर चमकणारं प्रथिन) जोडायचं, दुसऱ्याला वायएफपी (पिवळं चमकणारं). दोघं १० नॅनोमीटरच्या आत आली की सीएफपीची ऊर्जा वायएफपीकडे जाते. निळा उजेड उतरतो, पिवळा चढतो. एरवी या मशीनला २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, पण दोन रेणू एकमेकांना खेटलेत हे असं पकडता येतं. पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा पैसे वसूल वाटले.

आता दिवा. १०० वॅटचा पाऱ्याचा बल्ब, आयुष्य २०० ते ३०० तास. पेटवला की अर्धा तास बंद करायचा नाही, बंद झाला तर गार झाल्याशिवाय पेटवायचा नाही. हा नियम लिहिणाऱ्याने खानदेशातला मे काढलेला नाही. ऐन मोजणीत शिपाई भाऊ दारातून सांगणार, "मॅडम, लाईट गयी." झालं, बसा. आणि लाईट असताना चहाला गेलं तरी दिवा चालूच ठेवावा लागतो, तासांचा मीटर रिक्षाच्या वेटिंगसारखा फिरतच राहतो. (स्टेजच्या, म्हणजे नमुना ठेवायच्या मंचाच्या, हीटरचंही रडगाणं आहेच. ३७ अंश छान धरतो, पण एसी बसला आणि खोलीच ४० वर गेली की त्याला गार करता येत नाही.)

तास संपायच्या आधीच बल्ब लुकलुकायला लागला. सर्व्हिसवाला म्हणे, "कन्झ्युमेबल आहे मॅडम, वॉरंटीत नाही बसत. एलईडी घ्या." दोन स्टार ठरलेच होते.

एलईडीचा डेमो झाला आणि मत फिरलं. ४७० नॅनोमीटर तरंगलांबीला उजेड झकास, जीएफपीवाले (हिरवं चमकणारं प्रथिन वापरणारे) खूश. सीएफपीला हवा ४३६ च्या आसपास, तिथे त्या युनिटचा ठणठणाट! पाऱ्याची ठळक रेषा नेमकी ४३६ ला असते. आणि लुकलुकीचं म्हणाल, तर आपण पिवळ्या-निळ्याचं गुणोत्तर काढतो. दोन्ही चित्रं एकाच क्षणी घेतली तर दिव्याची चढउतार कटून जाते. आम्ही एकाच कॅमेऱ्यावर फिल्टर बदलून एकामागून एक घेतो, म्हणून ती आकड्यात उतरते. हे खरेदीच्या वेळी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं.

नवख्यांसाठी: सीएफपीचा उजेड वायएफपीच्या फिल्टरमधून गळतोच. नुसत्या सीएफपीच्या पेशींवर ती गळती मोजून वजा करा, मग नाचा.

एलईडी घेतला नाही. त्याच्यापेक्षा स्वस्तात दिव्यापुरता वेगळा यूपीएस बसवलाय. तूर्त तीन स्टार. पारा असल्यामुळे जुना बल्ब कचऱ्यात टाकता येत नाही आणि कंपनी तो परत न्यायला तयार नाही. नेला तर चौथा देईन.