नवेगावबांधकडची सावकाश जंगलफेरी: दोनदा जाऊन आल्यावर

आमची पिठाची चक्की आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. घर आणि चक्कीच्या मध्ये एकच भिंत. लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी मोटर सुरू झाली की माझ्या दाढेत कळ जाते. नुसता आवाज असता तर कापसाचे बोळे घालून निभलं असतं. पण गिऱ्हाइकाचा चढलेला सूर, ओल्या गव्हाचा आंबूस वास, लग्नसराईतला डीजे, शेजारच्या घरातलं भांडण, हे सगळं माझ्या अंगात शिरतं आणि रात्री दोन वाजेपर्यंत आत फिरत राहतं. "मन घट्ट कर" हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, दवाखान्यातही ऐकलं. म्हणून नणंदेनं या फेरीचं सांगितलं तेव्हा, तिथंही हेच ऐकायला मिळणार, अशीच माझी समजूत होती.

फेरी नवेगावबांधच्या अंगाला असलेल्या एका गावातला बायकांचा गट चालवतो. राष्ट्रीय उद्यानात नाही, गावाच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात, म्हणजे कायद्यानं ज्याचा हक्क आणि राखण गावाकडं आहे अशा जंगलात. त्यामुळे गेट नाही, जिप्सी नाही, वाघ दाखवण्याची घाई नाही. शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला निघायचं, एका वेळी सहाच माणसं, चहा-जेवणासकट ५०० रुपये. सोबत दोघी असतात. एक नागपूरहून येणाऱ्या समुपदेशक ताई आणि एक गावातली मावशी, हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं. मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलांवर येतात, वाघाचा वावर तर आहेच. म्हणून उजाडल्याशिवाय मावशी कुणालाही शिवार ओलांडू देत नाही. माझी पहिली तारीख वाघाच्या ताज्या पगामुळे, म्हणजे पावलाच्या ठशामुळे, रद्द झाली. पैसे संध्याकाळीच परत आले. माझा विश्वास तिथूनच बसला.

तीन तासांत आम्ही जेमतेम एक किलोमीटर चाललो असू. पहिला अर्धा तास मला जड गेला. चक्कीवर डबे रांगेत ठेवायची सवय, पाय आपोआप उचलतात. ताईंनी एवढंच सांगितलं, "जे हलताना दिसेल त्याच्यापाशी थांबा." मी एका ऐनापाशी थांबले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची, त्या भेगांतून लाल मुंग्या वर चढत होत्या. सालीला तळहात लावला. उन्हाकडची बाजू कोमट, मागची गार. एकाच झाडाला दोन हवामानं असतात हे मला बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं, आणि मी जंगलाच्या कडेलाच वाढले आहे.

मग मोहाखाली बसवलं. प्रत्येकाला वेगळं झाड, वीस मिनिटं, बोलायचं नाही. मार्चचा शेवट होता, फूल ऐन भरात गळत होतं. या गावानं मोह वेचण्यासाठी झाडाखाली पाचोळा जाळणं बंद केलं आहे. काही झाडांखाली झाडून घेतात, काहींना जाळी बांधतात. माझ्या झाडाखाली एका बाजूला झाडलेली जमीन होती, दुसऱ्या बाजूला सागाचा वाळलेला पाला. फूल पडल्याचा आवाज मला ऐकू येईना. मी मावशीकडं पाहिलं, तर ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मोह त्याच्या मनानं पडते बाई. तू घाई नको करू, फक्त आयक."

मग आलं ऐकू. मातीवर पडलं की 'टप', ओल्या बोटानं ताटाला टिचकी मारावी तसं. पाल्यावर पडलं की 'खट', आणि मागून पानाची बारीक कुरकुर. मी मोजायला लागले, २९ वर मोजणं सुटलं. मोटरीनं माझे कान गेले, असं मी धरून चालले होते. ते गेले नव्हते. एक फूल उचललं. पिवळसर, मांसल, दोन्हीकडून उघडा मणी असावा तसं पोकळ. उलटं धरून त्यातून पाहिलं तर मावशीचा हिरवा पदर दिसला. तेवढ्यात डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी पुसायला सांगितलं नाही.

श्वासावर ध्यान मी फोनवरच्या अॅपवर करून पाहिलं होतं. डोळे मिटले की माझा श्वास मलाच मोठा ऐकू येतो, छाती धडधडते, मी उठते. इथं लक्ष आत ओढायचं नव्हतं, बाहेरच्या एका लहान गोष्टीवर ठेवायचं होतं आणि ती निसटली की न रागावता पुन्हा ठेवायचं. माझ्यासारख्या स्वभावाला हा रस्ता जास्त सोसतो, हे मी अनुभवावरून सांगते.

शेवटी गवती चहा देतात आणि त्या वेळी ताई थोडं बोलतात. जपानच्या वन खात्यानं १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढं ठेवली. पुढं तिथल्या संशोधकांनी २४ जंगलांत माणसांना नेऊन तपासलं, तेव्हा शहरापेक्षा जंगलात ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी आढळलं, नाडी आणि रक्तदाबही उतरलेला. आणि एलेन अॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात मांडलं की शंभरातली साधारण पंधरा-वीस माणसं जन्मतःच जास्त संवेदनशील असतात. हा आजार नाही, ठेवण आहे. ते ऐकून माझा कप हातातच राहिला. माझा थोरला मुलगाही असाच आहे, शाळेच्या घंटेला दचकतो. त्याला मी स्वतः कितीदा "मन घट्ट कर" म्हटलं आहे. घरी गेल्यावर त्याची माफी मागितली.

आता खटकलं ते. मोहाखालच्या बैठकीच्या शेवटी स्पीकरवर बासरी लावली. जिथं धनेशाची जोडी डोक्यावरून पंखांचा आवाज करत जाते, तिथं स्पीकर कशाला? माझी मान लगेच ताठली. दुसरं, चहाच्या वेळी गोल बसवून प्रत्येकाला मनातलं बोलायला लावलं. एक मुलगी खूप रडली, तिचं रडणं मी घरी घेऊन आले आणि ती रात्र जागून काढली. आमच्यासारख्यांसाठी फेरी असेल तर गप्प बसायची मुभा आधीच सांगायला हवी. मी निघताना दोन्ही गोष्टी बोलले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा स्पीकर नव्हता, आणि "बोलायचं नसेल तर नुसता कप खाली ठेवा" असं ताईंनी सुरुवातीलाच सांगितलं. जेवणाला मात्र दोन्ही वेळा पैकीच्या पैकी: भात, वरण, टमाटरची चटणी, जवसाची चटणी, पळसाच्या पत्रावळीवर.

झोपेची गोळी सुटलेली नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणारही नाही. पण दुपारी दोन ते तीन चक्की बंद ठेवायची, हे मी घरात मागून घेतलं. तो तास मी मागच्या कडुनिंबाखाली बसते. एक-दोन गिऱ्हाइकं नाराज झाली, मग वेळ बदलून यायला लागली.

जायचं असेल तर मेमध्ये तेंदूपत्त्याची तोडणी लागायच्या आत जा, नंतर गटातल्या बायकांना वेळ नसतो. भडक अत्तर लावू नका. येत्या रविवारी सासूबाई माझ्यासोबत येणार आहेत. बसायला खुर्ची असते का, असं त्यांनी विचारलं. नसते, जमिनीवर चवाळं असतं. गुडघे दुखत असतील तर घरून पाट न्या, मावशी तो उचलून चालते.